गवतात राहणाऱ्या बुरशीचं चक्रीय पेप्टाइड कसं शोधायचं: पर्णकोषापासून वस्तुमानापर्यंत

न्यूझीलंडच्या कुरणांत उन्हाळ्याच्या अखेरीला मेंढ्या झिंगल्यासारख्या चालायच्या. पळवलं की मान थरथरायची, पाय ताठ व्हायचे आणि जनावर कोलमडायचं. १९८१ साली या झिंगण्याचा संबंध रायग्रास गवताच्या आत राहणाऱ्या एका बुरशीशी लागला. बाहेरून पाहिलं तर गवत अगदी निरोगी होतं, पानावर ना डाग ना पावडर. या बुरशीच्या कुळाचं नाव एपिक्लोई.

मेंढ्यांना झिंगवणारं रसायन लोलिट्रेम-बी, आणि ते पेप्टाइड नाही. पण हीच बुरशी अमिनो आम्लं जोडून छोटी छोटी कडीही घडवते. त्यांतली काही बरीच जुनी, माहितीतली आहेत. काहींचा पत्ता मात्र २०१५ मध्ये लागला, तेव्हा न्यूझीलंडमधल्या ॲगरिसर्च संस्थेच्या रिचर्ड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 'एपिक्लोइसायक्लिन' नावाचं चक्रीय पेप्टाइडांचं अख्खं कुटुंब जाहीर केलं. असं पेप्टाइड हिरव्या फुटव्यापासून मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यापर्यंत कसं माग काढत न्यायचं, ते इथे क्रमाने सांगतो. जीवतंत्रज्ञान, वनस्पतीरोगशास्त्र किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारा वाचक मी समोर धरला आहे. बाकीच्यांनी आकडेमोड गाळून वाचलं तरी चालेल.

आधी कारखाना कोणता ते ठरवा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि चक्रीय पेप्टाइड म्हणजे कुठेतरी गाठ मारून मिटवलेली माळ. गवतातल्या बुरशीकडे अशी माळ ओवायच्या दोन रीती आहेत. कामाची सगळी आखणी या फरकावर बेतलेली असल्याने इथे घाई करू नका.

पहिल्या रीतीत रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचा, काहीही हात नसतो. एक अवाढव्य एन्झाइम स्वतःच साचा असतं. त्याचा एक भाग अमिनो आम्ल ओळखून उचलतो, दुसरा धरून ठेवतो, तिसरा ते पुढच्याला जोडतो. पेरामिन असं बनतं: 'पेर-ए' नावाचं एन्झाइम दोन तुकडे जोडतं आणि कडं मिटवतं. दक्षिण अमेरिकेतून न्यूझीलंडात गेलेला, खोड पोखरणारा सोंड्या भुंगा याच पेरामिनमुळे गवतापासून लांब राहतो. २००५ मध्ये हा जीन काढून टाकलेली बुरशी गवतात सोडली, तेव्हा भुंग्याने ते गवत बुरशी नसलेल्या गवतासारखंच खाल्लं. एर्गोव्हॅलिनही याच रीतीचं: लायसर्जिक आम्लाला ॲलानिन, व्हॅलिन आणि प्रोलिन जोडलेलं. राय धान्यावरच्या अरगट बुरशीतल्या एर्गोटॅमिनमध्ये व्हॅलिनच्या जागी फेनिलॲलानिन असतं, एवढाच दोघांतला फरक.

दुसरी रीत साध्या प्रथिनाची. जीनवरून आरएनए, त्यावरून रायबोसोमवर प्रथिन, आणि मग त्या प्रथिनाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला कडं घालायचं. एपिक्लोइसायक्लिन असेच बनतात. त्यांच्या जीनचं नाव गिग-ए, म्हणजे 'गवतात चेतणारा जीन'. गवतात असताना बुरशीचे जे जीन सर्वांत जोरात चालतात, त्यांत हा वरच्या रांगेत आहे.

दुसऱ्या रीतीत अमिनो आम्लांचा क्रम जीनमध्ये सरळ लिहिलेला असतो, वाचला की माळ कळते. पहिल्या रीतीत जीन वाचून फक्त यंत्राचे भाग कळतात. ते यंत्र कोणतं आम्ल उचलेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि बुरशींच्या बाबतीत तो वारंवार चुकतो. नवशिक्याने रायबोसोमी पेप्टाइडापासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढची पायरीवारी त्यासाठीच आहे.

पायरी १: बुरशी डोळ्यांनी पाहा

एपिक्लोई पेशींच्या आत शिरत नाही, दोन पेशींच्या मधल्या फटीत राहते. एरवी बुरशीचा तंतू टोकाकडे वाढतो. इथे तंतू पेशींच्या भिंतींना चिकटलेला असतो आणि पान लांबलं की तोही मधूनच ताणला जाऊन लांबतो. म्हणून तो पानाच्या लांबीला समांतर, थोडा नागमोडी, क्वचितच फांद्या फुटलेला दिसतो. एकदा नजर बसली की विसरत नाही.

फुटव्याच्या तळाकडचा, बाहेरून दुसरा-तिसरा पर्णकोष, म्हणजे खोडाला वेढणारा पानाचा तळ, सोडवा. त्याच्या आतल्या बाजूची पातळ साल चिमट्याने ओढून काढा. काचपट्टीवर लॅक्टिक आम्ल आणि ग्लिसरॉलमध्ये कालवलेल्या ॲनिलिन ब्लूच्या थेंबात ती पसरा, वर काच ठेवा, उकळी फुटेपर्यंत खालून किंचित ऊब द्या. आधी १०० पटीवर शोधा, मग ४०० पटीवर खात्री करा. पेशींच्या मधून निळे दोरे धावताना दिसले पाहिजेत. आडवेतिडवे, पेशींच्या भिंती भेदून जाणारे, भरपूर फांद्यांचे तंतू दिसले तर ती दुसरीच कोणीतरी पाहुणी.

बी तपासायचं असेल तर ते ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर भिजवा, भरपूर पाण्याने धुवा, रंगवून काचेखाली चेपा. दाण्याच्या सालीखालच्या थरात गुंतवळासारखे पिळदार तंतू दिसतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा, हे द्रावण कातडी सोलतं. रंगलेला तंतू जिवंत आहे की मेलेला, ते मात्र या चाचणीत कळत नाही. गरम, दमट खोलीत साठवलेल्या बियाण्यात बी जिवंत राहतं आणि बुरशी आधी मरते. तेव्हा बी पेरून सहा आठवड्यांनी रोपाचा पर्णकोष पाहिल्याशिवाय वहीत 'बुरशी आहे' असं लिहू नका.

बुरशीचं हे लवकर मरणं आपल्या फायद्याचंही आहे. त्याच बियाण्याची बुरशी नसलेली रोपं मिळवायची ती सर्वांत सोपी वाट. दोन्ही गट एकाच मातीत, एकाच उजेडात वाढवा. या जोडीवाचून पुढचा एकही आकडा पटण्यासारखा राहत नाही.

पायरी २: बुरशी वेगळी काढा, पण तिथे रमू नका

पर्णकोषाचे तुकडे ७० टक्के इथेनॉलमधून काढा, मग सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर ठेवा. आगरात जिवाणूनाशक प्रतिजैविक घाला. तापमान २२ ते २५ अंश.

आणि वाट पाहा. ही बुरशी फार मंद आहे. पांढरा कापसासारखा पुंजका दिसायला दोन ते चार आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी ताटलीभर काळपट लोकर उगवली तर खूश होऊ नका. माझी पहिली अख्खी पेटी अशीच अल्टरनेरियाने खाल्ली होती आणि मी ती आनंदाने दोन दिवस जपली होती.

हे पृथक्करण जनुकसंचासाठी आणि पुढे जीन काढण्यासाठी हवं. पेप्टाइडासाठी नको. गिग-ए गवतात चेततो, आगरवर नाही. ताटलीतली बुरशी गाळून, सुकवून, अर्क काढून महिनोन्‌महिने रिकामे आलेख पाहणारे मी पाहिले आहेत. पेप्टाइड हवं असेल तर नमुना झाडाचा घ्यायचा.

पायरी ३: जीन वाचा

जनुकसंच हाती आला की रायबोसोमी पेप्टाइडाच्या जीनची चार लक्षणं शोधायची.

प्रथिन छोटं असतं. त्याच्या सुरुवातीला पेशीबाहेर जाण्याचा पत्ता, म्हणजे संकेत-पेप्टाइड असतं. पुढे एकाच मजकुराची पुन्हा पुन्हा आवर्तनं येतात. आणि प्रत्येक आवर्तनात लायसिन-आर्जिनिन ही जोडी असते. केक्सिन नावाचं एन्झाइम याच जोडीपाशी प्रथिन कापतं.

पोस्टाच्या तिकिटांचा पट्टा आठवा, मधे मधे छिद्रांच्या ओळी असलेला. लायसिन-आर्जिनिन म्हणजे त्या छिद्रांच्या ओळी. गिग-ए प्रथिनात २७ अमिनो आम्लांचं आवर्तन आहे, पण आवर्तनं तंतोतंत सारखी नाहीत. म्हणजे पट्ट्यावरची तिकिटं थोडी थोडी वेगळी छापलेली. त्यामुळे एकाच जीनमधून एक पेप्टाइड न निघता एकमेकांची भावंडं शोभणारी अनेक पेप्टाइडं निघतात.

सरावाला सोपा नमुना हवा असेल तर युस्टिलॉक्सिन घ्या. भुईमुगाच्या दाण्यात अफलाटॉक्सिन करणारी ॲस्परजिलस फ्लॅव्हस आपल्याला माहीत आहेच. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की तीच बुरशी युस्टिलॉक्सिन-बी रायबोसोमी रीतीने बनवते. तिच्या पूर्वप्रथिनात टायरोसिन-ॲलानिन-आयसोल्युसिन-ग्लायसिन ही चौकडी १६ वेळा येते. वाचणारा सहसा चुकत नाही.

शेजारीही डोकवा. युस्टिलॉक्सिनच्या जीनसमूहात 'युस्ट-वायए' कुळातली प्रथिनं असतात आणि कडं मिटवण्यात त्यांचा हात असतो. आवर्तनं असलेलं छोटं प्रथिन आणि त्याच्या आसपास या कुळातला जीन, अशी जोडी दिसली की कान टवकारायचे. जनुकसंचातले जीनसमूह हुडकणारी अँटीस्मॅशसारखी संगणकी साधनं पहिल्या रीतीची अवाढव्य एन्झाइमं छान पकडतात. छोट्या पूर्वप्रथिनांना त्यांनी हुकवलं म्हणून ती नाहीतच असं समजू नका. आवर्तनं शोधणारी चार ओळींची स्वतःची स्क्रिप्ट लिहा.

इथे दोन खड्डे आहेत. छोट्या वाचनांवरून जनुकसंच जुळवला असेल तर एकसारखी आवर्तनं एकमेकांवर चढतात आणि दहाची चार होतात. लांब वाचनं देणाऱ्या यंत्रावरूनच आवर्तनं मोजा. दुसरा खड्डा म्हणजे बऱ्याच एपिक्लोई संकरित असतात. उंच फेस्क्यू गवतातल्या एपिक्लोई सीनोफियालात तीन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र आहेत. तिथे एकाच जीनच्या वेगवेगळ्या प्रती सापडल्या तर ती चूक नाही.

पायरी ४: कागदावर वस्तुमान काढा

यंत्रापाशी जाण्याआधी कोणता आकडा शोधायचा ते ठरवलेलं असावं. वर दिलेलीच चौकडी घेऊ.

साखळीतल्या तुकड्यांची वस्तुमानं (डाल्टनमध्ये): टायरोसिन १६३.०६३, ॲलानिन ७१.०३७, आयसोल्युसिन ११३.०८४, ग्लायसिन ५७.०२१. बेरीज ४०४.२०६. उघड्या माळेच्या दोन टोकांना मिळून पाण्याचा एक रेणू असतो, तो १८.०११ मिळवा. सरळ पेप्टाइड झालं ४२२.२१७.

आता गाठ. ती दोन प्रकारे बसते आणि दोन्हींचा हिशोब वेगळा आहे. डोकं शेपटीला जोडलं तर पाण्याचा रेणू निघून जातो आणि उरतात ४०४.२०६. विषारी अमानिटा छत्र्यांतली पेप्टाइडं अशी असतात, त्यांचा रायबोसोमी उगम २००७ मध्ये कळला. पण युस्टिलॉक्सिनमध्ये टोकं मोकळीच राहतात. टायरोसिनच्या कड्यावरचा ऑक्सिजन आयसोल्युसिनच्या बाजूच्या साखळीला जोडला जातो. यात दोन हायड्रोजन जातात, म्हणजे वजा २.०१६, उरतात ४२०.२०१.

एवढाच आकडा घेऊन यंत्राकडे गेलात तर रिकाम्या हाताने परताल. बुरशी माळेवर आणखी नक्षी करते. दोन ठिकाणी ऑक्सिजन बसतो, म्हणजे अधिक ३१.९९०. नायट्रोजनवर एक मेथिल बसतं, म्हणजे अधिक १४.०१६. आता ४६६.२०६. हे युस्टिलॉक्सिन-एफ. त्यावर गंधक असलेली आणखी एक साखळी बसली की युस्टिलॉक्सिन-बी, वस्तुमान ६४५.२३. मूळ चौकडीच्या दीडपट!

म्हणून मी तक्ताच करतो. एका स्तंभात जीनवरून आलेली प्रत्येक माळ. पुढच्या स्तंभांत सरळ, वजा १८, वजा २, आणि वजा २ वर अधिक १६, ३२, १४ यांच्या जोडण्या. प्रत्येकात प्रोटॉनचे १.००७ मिळवा. सोडियम चिकटलेलं रूपही लिहा, त्यासाठी मूळ वस्तुमानात २२.९८९ मिळवायचे. युस्टिलॉक्सिन-एफसाठी हे आकडे ४६७.२१४ आणि ४८९.१९६ येतात. दोन्ही शिखरं एकाच वेळी बाहेर पडली तर वस्तुमानाबद्दल निम्मी शंका फिटते.

पायरी ५: नमुना, अर्क, यंत्र

नमुना पर्णकोषाचा घ्या, पानाच्या पात्याचा नको. बुरशी तळाकडे दाट असते. कापल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाका, गोठवून सुकवा, बारीक दळा. ७० ते ८० टक्के मेथॅनॉलमध्ये हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव गाळून घ्या. बुरशी नसलेल्या रोपांवर हेच सगळं त्याच दिवशी, त्याच बाटल्यांनी करा. पुढे द्रव क्रोमॅटोग्राफीचा सी-१८ स्तंभ, पाणी ते ॲसिटोनायट्राइल असा चढ, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, आणि धन आयनांची नोंद. यात नवीन काही नाही, तुमच्या प्रयोगशाळेतलं रोजचं वेळापत्रक चालेल.

आलेख आल्यावर तक्त्यातले आकडे एकेक करून ओढून काढा. बुरशी असलेल्या रोपांत आहे आणि नसलेल्यांत नाही, एवढीच शिखरं पुढे न्या. गवत स्वतः शेकडो गोष्टी बनवतं, आणि तिसऱ्या दशांशापर्यंत जुळणारा योगायोगही घडतो.

पायरी ६: रेणू फोडून पाहा

सरळ पेप्टाइड फुटताना शिडीसारखे आकडे देतं, दर पायरीला एक अमिनो आम्ल गळतं. कडं असं वागत नाही. डोकं-शेपटी जुळलेलं कडं कुठूनही उघडतं, त्यामुळे अनेक शिड्या एकमेकींत गुंततात. बाजूच्या साखळीने मिटलेल्या कड्यात एक बंध तुटला तरी तुकडा सुटत नाही, दुसरा तुटावा लागतो. म्हणून शिडीच्या मधल्या पायऱ्या गायब होतात. नवशिक्याला ही खराब नोंद वाटते, पण कडं असल्याची खूण तीच.

खालच्या टोकाला एकेका अमिनो आम्लाच्या ओळखीच्या खुणा पाहा: प्रोलिन ७०.०६५, ल्युसिन किंवा आयसोल्युसिन ८६.०९६, फेनिलॲलानिन १२०.०८१, टायरोसिन १३६.०७६. टायरोसिन जीनमध्ये आहे पण १३६ कुठेच नाही, याचा अर्थ बहुधा त्यावरच गाठ किंवा नक्षी आहे. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान एकच असल्याने यंत्राला फरक कळत नाही. इथे जीन साक्षीला येतो, आणि रायबोसोमी पेप्टाइडाचा हा मोठाच फायदा आहे.

पायरी ७: जीन काढा

इथवर सगळं जुळलं तरी तो परिस्थितीजन्य पुरावा. पक्का पुरावा एकच: जीन काढला की पेप्टाइड गेलं पाहिजे.

बुरशीच्या पेशींची भिंत विरघळवून प्रोटोप्लास्ट करतात आणि हव्या त्या जीनच्या जागी हायग्रोमायसिनला दाद न देणारा जीन बसवतात. मग ही बदललेली बुरशी बुरशीमुक्त रोपात भरायची. अंधारात उगवलेल्या आठवडाभराच्या कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी, वाढीच्या टोकाजवळ, सुईने बारीकशी चीर देऊन तंतूंचा कण आत सरकवतात. हात बसेपर्यंत बरीच रोपं मरतात, म्हणून हवीत त्याच्या कितीतरी पट रोपं घ्या. सहा-आठ आठवड्यांनी पायरी १ पुन्हा. बुरशी रोपात आहे हे दाखवल्याशिवाय 'पेप्टाइड नाही' या वाक्याला काही अर्थ नाही. शेवटी जीन परत घालून पेप्टाइड परत येतं का ते पाहायचं.

गिग-ए काढल्यावर सगळे एपिक्लोइसायक्लिन एकदम नाहीसे झाले, आणि गवत होतं तसंच राहिलं. ना खुजं, ना पिवळं. जीन इतका जोरात चालतो आणि काढला तर दिसण्यात काहीच बिघडत नाही. अशा वेळी रोपाकडे बघत बसण्यापेक्षा त्याच्यावर पोसणारे कीटक, सूत्रकृमी आणि इतर बुरशी यांच्यासमोर दोन्ही रोपं ठेवायची.

रायग्रास नसेल तर भाताचं लोंब

एपिक्लोई थंड हवेच्या गवतांची. कुसळी, पवन्या, मारवेल या आपल्या गवतांच्या गटात तिला शोधत माळ पालथा घालू नका. परदेशातून बी किंवा बुरशी खिशात घालून आणायचा तर विचारही नको. २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार त्यासाठी परवाना लागतो.

पण भातही गवतच. कोकणात दाणा भरायच्या वेळी लोंबीवर दाण्याच्या जागी मखमली गोळे येतात, आधी पिवळे-नारिंगी, मग हिरवट काळे. ही आभासमय काजळी. दक्षिणेत हिला लक्ष्मी रोग म्हणत, कारण चांगल्या पिकाच्या साली ती जास्त दिसायची. ही बुरशी गवताशी गुण्यागोविंदाने राहणारी नाही, सरळ रोगकारक आहे. मात्र युस्टिलॉक्सिन पहिल्यांदा हिच्यातच सापडली. त्यामुळे पायऱ्या ३ ते ६ चा सराव या गोळ्यांवर उत्तम होतो, आणि पेप्टाइड भरपूर असल्याने यंत्रही साधं चालतं.

हिच्यात ॲलानिनवाली आणि व्हॅलिनवाली अशी दोन्ही भावंडं असतात. व्हॅलिन २८.०३१ ने जड. म्हणून प्रोटॉनसह ६४६.२४ आणि ६७४.२७ अशी जोडी शोधा. मधलं अंतर बरोबर २८.०३१ आलं की तुमचा तक्ता आणि यंत्र दोन्ही नीट चाललेत. युस्टिलॉक्सिन पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या ट्युब्युलिनला पकडतं आणि विषारी आहे, पाण्यात विरघळतंही. गोळे मुखपट्टी आणि हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून तोडा, कागदी पाकिटात भरा, आणि दळण्याचं भांडं त्या कामापुरतंच वेगळं ठेवा.